बर्फातला घाम

मंडळी, ‘पहिला स्नो ट्रेक कसा आखावा’ असा विषय बाहेर फळ्यावर लिहिलाय आणि मला पाऊण तास दिलाय. त्यातली पंधरा मिनिटं सत्कारात गेली. नारळ चांगला आहे, तक्रार नाही.

आता समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या पोटात एकच गोळा आहे, तो थंडीचा. “उणे किती असतं हो?” उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या वरच्या तळावर जानेवारीच्या रात्री उणे दहाच्या आसपास जातं. झालं समाधान? पण माझं म्हणणं वेगळं आहे, आणि त्यावर आमच्याच संस्थेत लोक मला हसतात, तुम्हीही हसा. बर्फात नवख्या माणसाचे हाल थंडीपेक्षा घाम करतो.

आमच्या एका तुकडीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. तब्येत ठणठणीत, दर रविवारी सिंहगड. केदारकंठ्याची वाट जिथून सुरू होते त्या सांकरी गावात सकाळी ते तयार होऊन आले. आतून बाहेर मोजत या. सुती गंजी, सुती शर्ट, काकूंनी विणलेला स्वेटर, त्यावर जावयाचा स्वेटर, त्यावर फुगीर जॅकेट, डोक्याला माकडटोपी. म्हटलं, काका, दोन थर कमी करा. म्हणाले, “छे छे, हिने बजावलंय, अंगावरचं काही उतरवायचं नाही.” काकू डोंबिवलीत, आम्ही उत्तरकाशी जिल्ह्यात, पण हुकूम तो हुकूम. (हसताय काय, घरोघरी तेच आहे.)

सांकरीहून वाट जंगलातून चढतच जाते. अर्ध्या तासात काकांच्या माकडटोपीतून घाम टपकायला लागला. दुपारी जुडा का तालाबला पोचलो. तळं गोठलेलं, पोरं खूश, फोटोंचा पाऊस. काका जॅकेटची चेन उघडून मजेत वारा खात बसले. ऊन झाडांमागे गेलं मात्र, काका कापायला लागले. दात वाजतायत, चेन लावायला जातायत तर बोटं ऐकेनात. आमचा गाइड त्याच खोऱ्यातला पोरगा. आम्ही सगळे “चहा द्या, चहा द्या” करतोय, आणि त्याने आधी काकांच्या पाठीवर, कपड्यांच्या आत हात घातला. “अंदर तो सब गीला है!” तंबूत नेऊन गंजीपर्यंत सगळं उतरवलं, अंग कोरडं केलं, कोरडे कपडे चढवून स्लीपिंग बॅगेत कोंबलं, आणि मग तो चहा. तासाभराने काका राजकारणावर बोलू लागले तेव्हा कळलं, धोका टळला. गंजी त्यांनी दोरीवर वाळत घातली होती. सकाळी तिचा पापड झालेला, जमिनीवर टेकवली तर उभी राहिली!

कारण सोपं आहे. पाणी हवेच्या वीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, आणि सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं. मे महिन्यात हरिश्चंद्रगडावर आपल्याला तेच हवं असतं, म्हणून आपली सगळी सवय सुतीची. बर्फात मात्र अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरीचं, वर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ सिंथेटिक जॅकेट, बाहेर वारा अडवणारं. फुगीर जॅकेट पिशवीत सगळ्यात वर. चालताना काढायचं, थांबलात की घाम थंड व्हायच्या आत घालायचं. निघताना पहिली दहा मिनिटं हुडहुडी भरली तर कपडे बरोबर आहेत असं समजा. आणि तुकडीत सगळ्यात हळू चालणाऱ्याचा वेग धरा, म्हणजे घामच कमी येतो.

संयोजक घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, मग आखणी पटापट.

पहिल्या खेपेला केदारकंठा चांगला. 12,500 फूट, वाट रुळलेली, गाव जवळ. पण लक्षात ठेवा, कळसूबाई 5,400 फूट आणि सांकरी 6,400; तिथे पहिल्या रात्री तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा उंच झोपता. त्यामुळे डोकं दुखलं, मळमळलं तर लपवायचं नाही, आणखी वर चढायचं नाही. त्रास वाढला तर रात्र असो, खाली उतरायचं. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारून, शेजाऱ्याला विचारून नाही.

नाताळ ते नववर्ष टाळा, शिखराच्या चढावर रांग लागते आणि तुडवलेला बर्फ घट्ट होऊन निसरतो. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा. डेहराडून ते सांकरी साधारण 200 किलोमीटर, घाटाचा रस्ता, अख्खा दिवस धरा. बर्फाने रस्ता अडतो, म्हणून परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा. रजा मिळत नसेल तर ट्रेक पुढच्या वर्षी, दिवस कापू नका.

तयारी दोन महिने आधीपासून, जिने आणि पाठीवर वजन. बूट पाणी न शिरणारे आणि आधी वापरून मऊ केलेले. मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे खिळे) आणि गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायची आवरणं) भाड्याने मिळतात. काळा गॉगल हवाच, बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा, वरचं पाणी आधी गोठतं, मग बूच मोकळं राहतं. तहान लागत नाही तरी प्या.

आणि झोपायच्या मोज्यांचा एक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. तो फक्त रात्रीचा. सकाळी कितीही मोह झाला तरी त्या मोज्यांवर बूट चढवायचे नाहीत.