बेसवाल्यानं आधी सम धरावी

अध्यक्ष महोदय आणि बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीपासून ते खानापूरपर्यंतच्या गावांतून आलेली मंडळी, विषय जाहीर झालाय ‘बेस गिटार शिकताना आत्मविश्वास कसा वाढवावा’. त्यावर येतोच. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या, विषयाचं मूळ तिच्यातच आहे.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात ज्याला लीड गिटार, म्हणजे पुढची धून वाजवणारी गिटार, जमत नाही, त्याच्या गळ्यात बेस, म्हणजे खर्जातली चार तारांची गिटार, अडकवतात. उरलेल्या जागेवर आपल्याला उभं केलंय, हे पोराला पहिल्याच दिवशी कळतं. तो मान खाली घालून हळू वाजवतो, साउंडवाला त्याहून हळू करतो, आणि लग्नाच्या हॉलमध्ये कोणीतरी विचारतंच, “काय ओ, ह्या गिटारला दोन तारा कमी कशा?” धीर यायचा कुठून?

खानापूर तालुक्यात एका गावच्या जत्रेला माझा एक विद्यार्थी बेसवर होता, मी खाली लोकांत बसलो होतो. बेस दिला की बॉक्स घुमतात, म्हणून साउंडवाल्यानं तो पार खाली ओढलेला. गायिका सुरेल, कीबोर्डही छान, तरी लोक काही रमेनात. पुढं भजनी मंडळातले एक वयस्क पखवाजी बसले होते. ते गाणं चालू असतानाच उठून मिक्सरपाशी गेले. “त्या पोराचा आवाज सोड की रे, गाणं वरवरच तरंगायलंय.” “बॉक्स घुमतात ओ मामा.” “घुमू देत. आम्ही पखवाजाला कणीक लावतो ती कशाला?”

बघा, विजेच्या बेसशी ज्यांचा कधी संबंध आला नाही, त्यांना नेमकं दुखणं कळलं! पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावून आवाज खाली उतरवायचा, कमी वाटली तर आणखी चिमूटभर लावायची, हे त्यांच्या हातात मुरलेलं. साउंडवाल्यानं बटण वर सरकवलं, पोरानं समोर बघितलं, आणि पुढच्या गाण्याला मागच्या बाया टाळ्यांचा ठेका धरून बसल्या. हसताय तुम्ही, पण त्या रात्री त्या पोराला जे मिळालं ते मला वर्गात देता आलं नव्हतं.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली गायक कुमार गंधर्व जन्मले, हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवं. सुराचं कौतुक ह्या भागात भरपूर आहे. ठेका धरणाऱ्याचंही तेवढंच व्हावं, एवढंच माझं मागणं. एकादशीच्या भजनात लहानपणापासून टाळ धरलेल्या मुलाला सम, म्हणजे ठेक्याचा पहिला ठोका, कुठं पडते ते सांगावं लागत नाही. बेसचं निम्मं शिक्षण त्याचं तिथंच झालेलं असतं, आणि हे त्याला कोणी सांगत नाही.

दुसरं दुखणं फोनचं. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात, साध्या गिटारच्या जाड तारेच्या निम्मी. फोनच्या इवल्या स्पीकरला तो आवाज पेलतच नाही. मुलं फोनवर गाणं ऐकतात, बेस सापडत नाही, आणि आपल्याला कानच नाही असं ठरवून मोकळी होतात. कान ठीक आहे बाळांनो, हेडफोन लावा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग भरभर सांगतो.

गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र, ३० वर लावा. चारांच्या ठेक्यात टिक फक्त समेला येईल, मधलं तुम्ही सांभाळायचं. आठवडाभर तेवढंच केलंत तरी चालेल. सूर एकच, कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छाचा, मूळ सूर. तो पक्का झाल्यावर पंचम घ्या. बाकी सजावट सावकाश.

बेसची तार साधारण ३४ इंच, खुंट्यांकडचे पडदे लांब लांब. तिथं चार पडद्यांवर चार बोटं ताणू नका, मनगट दुखेल. अनामिका आणि करंगळी मिळून एकच बोट समजा. न वाजणाऱ्या तारा मोकळ्या बोटांनी दाबून गप्प ठेवा, निम्मा गचाळपणा तिथंच जातो. वेगाची भीती तर सोडाच. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं वाजवायचा.

रियाझ फोनवर रेकॉर्ड करा, पण दुसऱ्या दिवशी ऐका, हेडफोन लावून. लगेच ऐकलं तर चुकाच ऐकू येतात. स्टेजवर ड्रमवाल्याशेजारी उभे राहा, कान त्याच्या किकवर, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, ठेवा. सूर चुकला तर पुढच्या समेला बरोबर या. लय मात्र सोडायची नाही.

प्रश्नांना वेळ नाही म्हणतायत. बाहेर व्हरांड्यात अॅम्प्लिफायर लावून ठेवलाय, बेसही आहे. ज्यांना वाजवून बघायचाय त्यांनी या, आणि टाळ धरणारे कोणी असाल तर पहिले तुम्ही या.