साडेनऊचं ऊन, चारचा अंधार

नमस्कार श्रोतेहो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इंग्लंडच्या कॉट्सवल्ड्स भागात सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या सुमारास. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दुपारी चारच्या आत गडप झालेला असतो. गाव तेच, चर्च तेच, लग्नाची वेळही तीच, दुपारी एक. पण जूनच्या लग्नाला फोटोग्राफरच्या हाती साडेआठ तासांचा उजेड असतो, आणि डिसेंबरच्या लग्नाला जेमतेम तीन. मुंबईत सूर्यास्त वर्षभर सहा ते सव्वासातच्या आसपासच फिरतो, त्यामुळे आपल्याला ही अडचण चटकन लक्षात येत नाही. तिकडे मात्र लग्न ठरवायला आलेलं जोडपं विचारतं, “फोटो किती देणार?” आणि जाणता फोटोग्राफर उलट विचारतो, “विधी किती वाजता?” डिसेंबर असेल तर तो बाराची वेळ सुचवतो. आग्रहच धरतो म्हणा ना.

खेड्यापाड्यांतले कितीतरी फोटोग्राफर शनिवारी लग्नं करतात आणि एरवी पहाटे ट्रायपॉड घेऊन शेताच्या कडेला उभे असतात. ही कामं वरवर वेगळी दिसतात, पण दोन्हींत उजेड कुठून, किती वाजता आणि किती वेळ येणार हे आधी ताडायचं असतं. कॅमेऱ्याचं बटण दाबणं हा त्यातला सोपा भाग.

चर्चपासून सुरुवात करू. तिथली जुनी चर्चं बहुधा पूर्व-पश्चिम बांधलेली असतात. वेदी पूर्वेच्या टोकाला, तिच्यामागे मोठी रंगीत काचेची खिडकी. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं, त्यामुळे सूर्य सर्वांत उंच येतो तो बाराला नव्हे, एक वाजून गेल्यावर. म्हणजे एकच्या लग्नाला ऊन दक्षिणेकडच्या खिडक्यांमधून आत उतरतं, खांबांमधून फरशीवर पट्टे पाडतं, आणि कधीकधी नवऱ्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर लाल-निळी काच उमटते. लग्नाची तालीम बहुतेक वेळा आदल्या एक-दोन संध्याकाळी असते. तेव्हाचा उजेड या कामी उपयोगाचा नाही. आठवडाभर आधी बरोबर लग्नाच्या वेळेला चर्चमध्ये जाऊन उभं राहायचं आणि ऊन कुठल्या बाकापर्यंत येतं ते बघून ठेवायचं.

तालमीला जायचं ते व्हिकरला, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, भेटायला. त्यांना दोनच प्रश्न विचारायचे: विधी चालू असताना मी कुठे उभा राहू, आणि तिथून हलू शकतो का? फ्लॅशचं विचारायचंही नाही, तो बहुतेक ठिकाणी चालत नाही. जोडपं उभं असतं व्हिकरकडे तोंड करून, म्हणजे पाहुण्यांकडे पाठ. मागून फोटो काढला तर मिळतो अंबाडा आणि कोटाची शिवण. पुढे, वेदीजवळ गायकवृंदाच्या बाकांआड उभं राहायची परवानगी मिळाली तर चेहरे मिळतात, पण मग चाळीसेक मिनिटं जागचं हलायचं नाही. कुठलाही व्हिकर कटकट करतो ती फोटोग्राफरच्या लुडबुडीबद्दल, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं चुकत नाही.

आता आकडे. दगडी चर्चमध्ये लेन्स एफ २.८ ला उघडी (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं), शटर १/१६० सेकंद, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ३२०० ते ६४००. पांढरा झगा चौकटभर आला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि झगा राखाडी येतो. एक स्टॉपपर्यंत, म्हणजे फार तर दुप्पट, उजेड वाढवायचा, पण झग्याची लेस पांढरीफटक होऊ द्यायची नाही. काळ्या कोटाच्या सावल्या नंतर संगणकावर उचलता येतात, लेसचे जळालेले धागे कुणीही परत आणू शकत नाही.

आणखी एक खोड. आवाज नको म्हणून हल्ली सगळे कॅमेऱ्याचं मूक शटर लावतात. पण चर्चमध्ये स्वस्तातले एलईडी दिवे असले तर फोटोवर आडवे काळसर पट्टे येतात. तिथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, शटरला दिसतं. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे बहुधा जातात. हे विधी सुरू व्हायच्या आधी रिकाम्या बाकांवर तपासायचं, “आय विल” म्हणून झाल्यावर नव्हे.

विधी संपला की सह्या. ४ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये चर्चमधल्या जुन्या नोंदवह्या जाऊन त्या जागी एक सुटा कागद आला. त्यावरचा मजकूर जवळून टिपायचा नसतो. म्हणून खरी सही होऊ देतात, आणि मग दोघं पेन हातात धरून फोटोपुरती पुन्हा सही केल्यासारखं करतात. सगळ्यांना हे ठाऊक असतं. चालतं.

मग चर्चच्या दारातून बाहेर पडताना पाकळ्यांचा वर्षाव. कागदी कॉन्फेटीला बहुतेक चर्चं नाही म्हणतात, म्हणून वाळवलेल्या पाकळ्या, बरेचदा डेल्फिनियमच्या. पाहुण्यांच्या दोन रांगा, मध्ये साधारण दोन मीटर वाट. फोटोग्राफर ३५ मिमीची लेन्स लावून जोडप्यापुढे उलट पावलांनी चालतो. शटर १/८०० तरी हवं, नाहीतर पाकळ्या रेघा होतात. एफ ४ पुरे. पाहुण्यांना मोठ्याने सांगावं लागतं: चेहऱ्यावर मारू नका, वर उडवा, आणि जोडपं तुमच्यासमोर आल्यावरच उडवा. तरी लहान मुलं आपली मूठ आधीच रिकामी करतात, ते गृहीत धरायचं. सर्वांत मोठा धोका असा की कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चेहरा सोडून एखाद्या जवळच्या पाकळीला धरतो. म्हणून चेहरा ओळखणारं फोकस लावून सलग वीस-तीस फोटो घ्यायचे. त्यातले दोन-तीन लागतात.

इथे आपल्या अक्षता आठवणारच. इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांची लग्नंही आता खेड्यातल्या जुन्या हवेल्यांमध्ये होतात. अक्षतेचा दाणा पाकळीच्या मानाने फारच बारीक. मागून उजेड आणि पाठीमागे गडद भिंत असल्याशिवाय तो फोटोत दिसतच नाही. अंतरपाटाची अडचण त्याहून मोठी: दोघं समोरासमोर, मध्ये कापड, भोवती माणसांचं कडं. एकटा फोटोग्राफर अंतरपाटाच्या कडेला, कापडाच्या रेषेत उभा राहिला तरच “सावधान”नंतर पाट खाली येताना दोन्ही चेहरे एका चौकटीत मिळतात. नवरीच्या पाठीमागे उभा राहिला तर नवरा मिळाला, नवरी गेली. इंग्रज फोटोग्राफर असेल तर घरच्या कुणी त्याला आधी सांगून ठेवायला हवं की मंगलाष्टकं किती आहेत आणि पाट कुठल्या शब्दाला खाली येतो. आणि होमाचं हवेलीच्या व्यवस्थापकाला महिनाभर आधी कळवायचं. धुराचे अलार्म आधी बंद करून घेतले नाहीत तर सप्तपदीच्या मधोमध वऱ्हाड हिरवळीवर येऊन उभं राहतं.

समूहफोटोंना कुणी कौतुकाने बघत नाही, पण वीस वर्षांनी लोक तेच काढून बघतात. एका समूहाला तीन मिनिटं धरा. दहा समूह म्हणजे अर्धा तास. सगळ्यांचा मोठा फोटो आधी, मग आजी-आजोबांचे, म्हणजे म्हातारी माणसं बसायला मोकळी होतात. यादी जोडप्याकडून लिहून घ्यायची आणि नावं पुकारायला घरचाच एखादा खणखणीत आवाजाचा माणूस लावायचा. फोटोग्राफरला काका कोण आणि मामा कोण हे कुठून कळणार? तीन रांगा असतील तर एफ ८, आणि प्रत्येक समूहाचे पाच फोटो, कारण कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच. ढगाळ आभाळ असेल तर देव पावला, सगळीकडे मऊ उजेड. कडक ऊन असेल तर लोक चर्चच्या आवारातल्या जुन्या यू वृक्षाखाली धावतात. तिथे खोलात उभं केलं तर चेहऱ्यांवर हिरवट काळोखी येते. सावलीच्या अगदी कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून उभं करायचं. दोन पावलांचा फरक, पण डोळ्यांत चमक येते.

जेवणाला तिकडे ‘वेडिंग ब्रेकफास्ट’ म्हणतात, मग ते दुपारी चारला का असेना. ते मंडपात असेल तर पांढऱ्या कापडावर फ्लॅश उडवून छान उजेड मिळतो. जुन्या धान्याच्या कोठारात असेल तर छताचे काळे ओकचे वासे तो उजेड गिळतात, आणि परत येतो तो पिवळट होऊन. तिथे दोन कोपऱ्यांत स्टँडवर फ्लॅश लावणं बरं. कॅमेऱ्यात कार्डं दोन आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर, हे सांगायलाही नको.

कायद्याचं एक कलम मात्र सांगायला हवं. १९८८ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क सहसा फोटोग्राफरचा. पण त्याच कायद्याचं ८५ वं कलम म्हणतं की घरगुती कामासाठी काढून घेतलेले फोटो, काढून घेणाऱ्याच्या संमतीशिवाय लोकांपुढे मांडता येत नाहीत. म्हणून नमुन्यादाखल फोटो वापरायची परवानगी करारातच लिहून घेतात.

आता शेताकडे. तसं फोटोग्राफीचं बालपणच इंग्लंडच्या खेड्यात गेलं. विल्टशरमधल्या लॅकॉक ॲबीत विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५ मध्ये घरातल्या जाळीदार खिडकीची निगेटिव्ह केली, जेमतेम टपाल तिकिटाएवढी. आज टिकून असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह. तेव्हाही खिडकीच्या उजेडाकडेच तोंड होतं.

पहाटेचं धुकं हे तिथल्या निसर्गफोटोग्राफीचं मोठं आकर्षण. ते येतं कधी? रात्र निरभ्र, वारा जवळजवळ नाही, आदल्या दिवशी जमीन ओली, आणि शरद ऋतू. जमीन रात्री थंड होते, तिला चिकटलेली हवा थंड होते, आणि थंड जड हवा उतारावरून घरंगळत दरीत साठते. डॉर्सेटमध्ये कॉर्फचा मोडका किल्ला डोंगररांगेच्या खिंडीत एका टेकडीवर उभा आहे. खाली धुकं भरलं की नुसते बुरुज वर तरंगतात. समोरच्या वेस्ट हिलवर सूर्योदयाच्या तासभर आधी पोचावं लागतं. आयएसओ १००, एफ ८ किंवा ११, ट्रायपॉड. धुकंही झग्यासारखंच मीटरला फसवतं, इथेही एक स्टॉपपर्यंत वाढवायचं. दव मात्र लेन्सच्या काचेवर बसतं आणि दहा मिनिटांनी सगळे फोटो दुधाळ. हात गरम ठेवायची छोटी पुडी रबरबँडने लेन्सला बांधली की दव बसत नाही. उलटंही होतं: थंडीतला कॅमेरा उबदार खोलीत आणला की काच भरून येते. बॅग न उघडता अर्धा तास ठेवायची.

एप्रिलअखेर ते मे मध्य हा ब्लूबेल फुलांचा मोसम. जंगलाच्या जमिनीवर निळी-जांभळी सतरंजी पसरते. नवखा माणूस रुंद लेन्स लावतो आणि फुलांच्या मधली माती टिपून येतो. लांब लेन्स, ७० ते २०० मिमी, लावून खाली बसलं तर मागची-पुढची फुलं एकमेकांवर येऊन दाट दिसतात. पाऊस पडून गेल्यावर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची फिरती काच, फिरवला की ओल्या पानांची चकाकी जाते आणि रंग खुलतो; त्यात एक-दीड स्टॉप उजेड जातो, तो हिशोबात धरायचा. रंग जांभळाच येतो अशी तक्रार असते, म्हणून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली कच्ची फाइल, घेऊन नंतर निळा जुळवतात. आणि पायवाट सोडायची नाही. पान एकदा चिरडलं की कंदाला अन्न पुरत नाही, आणि तो ठिगळासारखा पट्टा कित्येक वर्षं भरत नाही. लग्नाची जोडपी फुलांमध्ये बसवायचा मोह होतो. वळणावर उभं करून लांब लेन्सने काढा, फुलांमध्ये बसल्यासारखीच दिसतात.

उजेडाकडे तोंड करून फोटो काढायचा नाही, असं आपल्याकडे शिकवतात. जेम्स रॅव्हिलियस यांनी उत्तर डेव्हनच्या खेड्यांत १९७२ पासून सुमारे १७ वर्षं नेमकं तेच केलं. जुन्या लायका कॅमेऱ्यावर लेप नसलेल्या जुन्या लेन्स लावून त्यांनी मेंढपाळ, बर्फ, फाटकं उजेडासमोर धरून टिपली. त्या लेन्समुळे सावल्या कोळशासारख्या काळ्या न होता मऊ राहतात.

लग्नाच्या संध्याकाळी हेच कामाला येतं. जूनमध्ये साडेआठनंतर सूर्य क्षितिजाकडे तिरका सरकतो, मुंबईसारखा धप्पकन बुडत नाही. स्वयंपाकवाल्यांशी आणि बँडवाल्यांशी बोलून पावणेनऊची पंधरा मिनिटं आधीच राखून ठेवायची, नाहीतर नेमका तेव्हाच केक कापायचा ठरतो. शेतातून पायवाट कुठे जाते ते ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर हिरव्या तुटक रेघेने दाखवलेलं असतं. ती सोडून गव्हात शिरायचं नाही. फाटक जसं होतं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं. नवरीला रबरी गमबूट घालायला सांगायचं, झग्याखाली ते दिसत नाहीत, आणि झग्याचा घोळ दोन्ही हातांनी वर धरायला लावायचा; साडेआठला गवतावर दव यायला लागलेलं असतं आणि हिरवा डाग निघत नाही. सूर्य दोघांच्या पाठीशी, फोटोग्राफर त्यांच्या सावलीत उभा, म्हणजे लेन्सवर थेट ऊन पडत नाही. एफ २.८, उजेड चेहऱ्यांना मोजायचा, आभाळ जरा उडालं तरी हरकत नाही. दहा-बारा मिनिटांत वीस चांगले फोटो होतात. तेवढ्यात कोठारातून ढोलाची चाचणी ऐकू येते, आणि परत जाता जाताच आयएसओ १०० वरून ३२०० वर न्यायचा असतो. तो राहिला तर पहिल्या नाचाचे पहिले दहा फोटो काळे.