सीबिस्किटचा अबोल ट्रेनर

हे अंकली, चिकोडी तालुका. माउलींचे अश्व दरवर्षी इथल्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून पायी आळंदीला निघतात. रिंगणात ते धावले, की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. त्यांना खरारा करणाऱ्या माणसाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. आम्ही कॅमेरा मुद्दाम तिकडेच वळवलाय. हात बघा त्याचा. मानेवरून पाठीवर, पाठीवरून मांडीवर. कुठे घाई नाही.

असाच एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. टॉम स्मिथ, शर्यतीच्या घोड्यांचा ट्रेनर. या फोटोंमध्ये ओठ मिटूनच दिसेल तुम्हाला. पत्रकारांनी त्याला 'सायलेंट टॉम' म्हणायला सुरुवात केली ती उगीच नाही.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या पारखीवर मोटारविक्रेते चार्ल्स हॉवर्ड यांनी ८,००० डॉलरना एक घोडा घेतला. नाव सीबिस्किट. अंगानं बुटका, गुडघे बोजड, पुढचे पाय जरा वाकडे. वयाच्या दुसऱ्या वर्षीच त्याला ३५ शर्यतींत पळवलेलं. वैरणीला तोंड लावेना, पागेत नुसत्या येरझाऱ्या. आपल्याकडे मालकानं असा घोडा पुढच्या बाजाराला काढला असता.

स्मिथनं आधी त्याला सोबत दिली. पहिली एक शेळी. सीबिस्किटनं तिला दातांत धरून झिंजाडलं आणि पागेबाहेर टाकलं. मग आला पम्पकिन, शांत स्वभावाचा घोडा. हे दोघं जमले. पाठोपाठ एक कुत्रा आला, एक माकडही आलं, आणि सगळी मंडळी एकत्र झोपू लागली. याची चित्रफीत आम्हाला मिळाली नाही, नाहीतर पाच मिनिटं तेच दाखवलं असतं! घोडा खाऊ लागला, अंग धरू लागला. जॉकी मिळाला रेड पोलार्ड, एका डोळ्यानं आंधळा.

आता हे फुटेज नीट बघा. १ नोव्हेंबर १९३८, बाल्टिमोरचा पिम्लिको रेसकोर्स. समोर वॉर ॲडमिरल, आदल्या वर्षीचा ट्रिपल क्राउन विजेता, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकलेला घोडा. पोलार्डचा पाय मोडलेला, म्हणून सीबिस्किटवर जॉर्ज वुल्फ. वॉर ॲडमिरल सुटतानाच आघाडी घेणारा, त्यामुळे सगळा पैसा त्याच्यावर. शर्यत घंटेवर सुटणार होती. स्मिथनं तशीच घंटा स्वतः बनवली आणि घोड्याला गुपचूप शिकवलं: वाजली की निघायचं. त्या सरावात चाबूकही होता, ते लपवायचं कारण नाही.

घंटा झाली. पुढे कोण आहे, बघा.

मधल्या सरळ पट्ट्यात वॉर ॲडमिरल बरोबरीला येतो. वुल्फ त्याला येऊ देतो, कारण दुसरा घोडा शेजारी दिसला की सीबिस्किट आणखी जोर करतो, हे पोलार्डनं त्याला सांगून ठेवलं होतं. शेवट चार लेंग्थचा, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराचा. यावर आम्ही काही बोलत नाही, तुम्हीच बघा.

१९४० मध्ये कॅलिफोर्नियातली सांता अनिता हँडिकॅप ही मोठी शर्यत जिंकून सीबिस्किट निवृत्त झाला. १९४५ मध्ये पागेतल्या नोकरानं दुसऱ्याच एका घोड्याच्या नाकात एफेड्रिन नावाचं उत्तेजक औषध फवारलं आणि स्मिथवर वर्षभराची बंदी आली. १९४७ ची केंटकी डर्बी त्याच्याच तालमीतल्या जेट पायलटनं मारली. अमेरिकेतल्या घोडेशर्यतींच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानाच्या यादीत, सीबिस्किटला १९५८ सालीच जागा मिळाली. स्मिथला ती २००१ मध्ये मिळाली, तेव्हा त्याला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली होती.