तोल जातो कुठे?

अध्यक्ष महाराज आणि दुपारची झोप मोडून आलेल्या काका-काकूंनो, फळ्यावर विषय लिहिलाय ‘दैनंदिन जीवनात समतोल’. गीतेतलं समत्व सांगायला माझ्यापेक्षा लायक मंडळी पहिल्याच रांगेत बसलीयत. मी फिजिओथेरपिस्ट. न पडता उभं राहणं, माझा समतोल एवढाच.

पण आधी फरशीबद्दल बोलू द्या, फार दिवसांचा राग आहे. जुन्या घरांत शहाबादी असायची. काळी, खडबडीत, पण पाय धरून ठेवायची. मग मुलं कमावती झाली आणि घर ‘करून घेतलं’. आता तोंड दिसेल अशी चकचकीत फरशी, बाथरूममध्येसुद्धा तीच. सांडलेलं पाणी दिसत नाही. वर दाराशी गुळगुळीत पायपुसणं, म्हणजे घसरायची पूर्ण सोय! पेशंटना विचारते, कुठे पडलात? गिरनारच्या पायऱ्यांचं नाव कुणी घेत नाही. बाथरूम, नाहीतर पलंग ते बाथरूम. एका आजींचा खुबा मोडला, तर सूनबाई मला सांगतायत, “फरशी इटालियन आहे हो.” म्हटलं, आजी साताऱ्याच्या आहेत ना! (हसू नका, तुमच्याकडेही तीच असणार.) आमच्या सोसायटीच्या जिन्याला ग्रॅनाइट बसवलं, तेव्हा मी सभेत भांडले. ठराव झाला. जिन्यात कुंड्या ठेवायचा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं.

तोल तिघं मिळून सांभाळतात: डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळव्यांतली नि सांध्यांतली जाणीव. एक कमी पडला की बाकीचे दोघं ओढून नेतात. मधुमेहानं तळवे बधिर झालेला माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो. रात्री तो अंधारात उठला की भरवसा संपला. म्हणून दिवा लावा. विजेचं बिल खुब्याच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडतं. आणि उठल्या उठल्या चालू नका, रक्तदाब उतरतो. काठावर जरा बसा.

ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या सुमारे १,७०० लोकांना एका पायावर १० सेकंद उभं केलं. पाचांतल्या एकाला जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. घाबरू नका, पाय टेकला म्हणून कुणी मेलं नाही. त्यांच्या तब्येतीच मुळात नाजूक होत्या. पण तोल सरावानं सुधारतो, हे पक्कं. ओट्याला हात धरून दूध तापेपर्यंत एक पाय उचला, मग दुसरा. शेजारी कुणीतरी असू द्या. दुधाकडे त्यालाच बघू दे.

काय म्हणालात काका? कुशीवर वळलं की घर फिरतं? ते बहुतेक वेळा कानातले बारीक खडे जागचे हलल्यामुळे होतं. डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते जागेवर आणता येतात. पण ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन करून घ्या, यूट्यूब बघून नातवाकडून नको.