डॉक्टर परत आला, बरं झालं

मंडळी, 'डॉक्टर हू' म्हणजे काळातून आणि अवकाशातून फिरणाऱ्या परग्रहवासी 'डॉक्टर'ची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका, हे या सभागृहात सांगत बसायची गरज नाही. मघाशी चहाच्या वेळी त्याची धून रिंगटोन म्हणून मी दोनदा ऐकली. तेव्हा थेट विषयाकडे येतो. ६ डिसेंबर १९८९ रोजी बीबीसीवर या मालिकेचा शेवटचा भाग लागला आणि मग ती गुपचूप बंद पडली. १९९६ मध्ये अमेरिकी भागीदारीत एक दूरचित्रपट झाला, तिकडे तो चालला नाही, आणि गाडी तिथेच अडली. शेवटी २६ मार्च २००५ रोजी मालिका नव्याने सुरू झाली. हे करायला हवं होतं का? माझं उत्तर 'हो' असं आहे. का, ते सांगतोच. पण मूळ मालिका कुणी घडवली आणि तिच्या मालकांनी पुढे तिचं काय केलं, हे बोलल्याशिवाय ते 'हो' नीट कळणार नाही.

२३ नोव्हेंबर १९६३, पहिला भाग लागला तो दिवस. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, कुणाचं टीव्हीवर लक्ष नाही. म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. कल्पनेमागचा मोठा हात सिडनी न्यूमन यांचा, ते कॅनडातले. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय अठ्ठावीसच्या आत. पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन, वय चोवीस, जन्म लखनौचा. त्या काळच्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी मुलगा, यांना लंडनमधल्या लाइम ग्रोव्हचा अडचणीचा, उकाड्याचा स्टुडिओ दिला. पहिला भाग न्यूमन यांनी नापसंत केला, तो या दोघांनी पुन्हा चित्रित केला.

आणि ती धून! चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती ऐकू येण्याजोगी केली बीबीसीच्या ध्वनिकार्यशाळेतल्या डेलिया डर्बिशर यांनी. आज कीबोर्डवर बोट ठेवलं की हवा तो आवाज निघतो. तेव्हा तसलं काही नव्हतं. एका तारेचा छेडलेला सूर आणि विद्युत उपकरणांतून निघालेले स्वर टेपवर घ्यायचे, टेपचा वेग कमी-जास्त करून ते वरखाली करायचे, मग टेप कापून एकेक सुराचा तुकडा दुसऱ्याला चिकटवायचा. बोटभर टेप म्हणजे एक सूर. ग्रेनर यांनी ते ऐकून विचारलं म्हणे, हे मी लिहिलंय? बाई म्हणाल्या, बरंचसं. श्रेयनामावलीत मात्र त्या मूळ धुनेसाठी बाईंचं नाव कित्येक दशकं आलं नाही. (टाळ्या) हो, वाजवा, त्यांच्यासाठी वाजवा.

आता माझं दुखणं. या लोकांनी एवढ्या कष्टाने केलेलं काम बीबीसीने स्वतःच्या हाताने पुसलं. आग नाही, पूर नाही, चोरी नाही. रीतसर कागद करून पुसलं. व्हिडिओ टेप महाग होती, तीच पुसून पुन्हा वापरायची. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना भाग हवा तितक्या वेळा दाखवता येत नसे. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कोण बघणार, असंही ठरून गेलं. परदेशी विकायला काढलेल्या फिल्मच्या प्रतीसुद्धा विक्रीची मुदत संपल्यावर नष्ट केल्या. साठच्या दशकातल्या २५३ भागांपैकी शंभराच्या आसपास भाग अशा रीतीने गेले. हुसेन यांनी ज्यातलं बहुतेक दिग्दर्शन केलं ती १९६४ ची मार्को पोलोची सात भागांची कथा संपूर्ण गेली. एक फ्रेम हलताना दिसत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण देतो. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल. त्यांनी १९६१ मध्ये बीबीसीसाठी जॉन एलियट यांच्याबरोबर 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका लिहिली. तीही जवळजवळ सगळी गेली. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ टीव्हीसाठी विज्ञानकथा लिहितो आणि संस्था ती रद्दीत काढते! मला याचा राग येतो, आणि तो येत राहावा असं मला वाटतं.

मग वाचवलं कुणी? प्रेक्षकांनी. घरात व्हिडिओ रेकॉर्डर नव्हते त्या काळात मुलं टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून बसायची. खोलीत कुणी बोलायचं नाही, आईने मधेच जेवायला हाक मारायची नाही. त्या पोरांमुळे आज प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज शाबूत आहे. प्रत्येक! चित्र गेलं, पण आवाज आहे. फिल्मच्या प्रती कुठे कुठे सापडल्या पाहा: हाँगकाँगहून १९९२ च्या सुमारास चार भागांची अख्खी कथा परत आली, २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या टीव्ही केंद्रातून नऊ भाग मिळाले.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. ठीक आहे, माझं उत्तर 'हो' का, हे सांगायचं कबूल केलं होतं, ते आता भरभर सांगतो.

पहिली गोष्ट, मालिका परत आणणारे रसेल टी. डेव्हिस हे लहानपणापासूनचे प्रेक्षक. ती बंद असताना तिच्यावर कादंबऱ्या आणि श्राव्य नाटकं निघत राहिली, खुद्द डेव्हिस यांनी एक कादंबरी लिहिली. 'डालेक' हा २००५ मधला भाग रॉबर्ट शिअरमन यांनी आपल्याच श्राव्य नाटकावरून बेतला. म्हणजे पुसून टाकणाऱ्यांच्या हातून मालिका जपणाऱ्यांच्या हाती आली. त्या भागात काय केलंय बघा. डालेक म्हणजे डॉक्टरचा जुना शत्रू, धातूच्या कवचात बसलेला परग्रहवासी. त्याच्या हाताला मोरी साफ करायच्या रबरी दट्ट्यासारखं काहीतरी असतं, त्याला चाळीस वर्षं लोक हसले. जिना चढता येत नाही म्हणूनही हसले. इथे तोच दट्ट्या एका माणसाच्या तोंडावर बसतो आणि माणूस मरतो. मग डालेक जिन्याखाली थांबतो, एक शब्द उच्चारतो आणि तरंगत वर चढतो. थट्टेचा विषय होता त्याचीच भीती करून दाखवली.

दुसरी, मधल्या वर्षांची पोकळी त्यांनी झाकली नाही. एक महायुद्ध झालं, डॉक्टरची सगळी जमात त्यात संपली, तो एकटा उरला, असं कथेतच आणलं. परत आलेला डॉक्टर जखमी होता. 'क्लासिकला हात लावू नये' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर असं, की मूळ मालिका करणाऱ्यांनीच १९६६ मध्ये डॉक्टरची भूमिका करणारे हार्टनेल यांची तब्येत ढासळल्यावर त्यांच्या जागी ट्रॉटन या दुसऱ्या नटाला आणलं. बदलणं हा या मालिकेचा धर्म आहे.

तिसरी, आणि माझ्यासाठी सर्वांत मोठी. ११ नोव्हेंबर २०१८, विनय पटेल यांनी लिहिलेला फाळणीचा भाग. शेफील्डमधली यास्मिन डॉक्टरबरोबर आपल्या आजीचं तरुणपण पाहायला ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जाते. आजी उम्ब्रीन मुसलमान, तिचा नवरा प्रेम हिंदू. परग्रहावरून आलेले प्राणी आधी मारेकरी वाटतात, पण ते एकाकी मरणाऱ्यांजवळ उभे राहायला आलेले असतात. प्रेमचा जीव जातो तो त्याच्या सख्ख्या भावाने आणलेल्या माणसांमुळे, आणि डॉक्टरला तो वाचवता येत नाही. आजीने सत्तर वर्षं जपलेलं बंद घड्याळ दुरुस्त करायचं नाही, एवढंच नातीला कळतं. वारिस हुसेन यांचं कुटुंब १९४६ मध्ये इंग्लंडला गेलं आणि फाळणीने त्यांचा देश मागे बदलून गेला. ज्या मालिकेचा पहिला भाग त्यांनी केला, तिला १९४७ पर्यंत पोचायला पंचावन्न वर्षं लागली. १९८९ लाच ती संपली असती तर हा भाग झाला नसता.

सगळंच चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. मधले काही हंगाम जुन्या खलनायकांच्या आठवणींवरच चालले, ते मला आवडले नाहीत. डिस्नेबरोबरची भागीदारीही २०२५ मध्ये संपली. तरी माझं मत बदलत नाही.

वेळ संपला, म्हणून एक विनंती करून थांबतो. हरवलेले ते जुने भाग नायजेरिया, झांबिया, सिंगापूर अशा कितीतरी देशांना विकले गेले होते. साठ-सत्तरच्या दशकांत आपली मराठी माणसं आफ्रिकेत नोकरीला गेली. कुणाचे काका, आजोबा तिथल्या टीव्ही केंद्रात असतील, माळ्यावर फिल्मचे गोल डबे असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी लेबल वाचा. आणि मला फोन करा, मध्यरात्री केलात तरी चालेल.