गीता, कुणाची?

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकाच्या दुकानात गीता मागा. काउंटरवरचा माणूस विचारतो, "कुणाची?" ज्ञानेश्वरी, गीतारहस्य, गीताई... श्लोक तेच ७००.

आता येरवड्याला चला. प्लेगच्या दिवसांत, २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर इंग्रज प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ ला या तुरुंगात फासावर गेले. हातात गीता होती, असं सांगतात. ३२ वर्षांनी इथेच कैदेत असलेले गांधीजी आश्रमातल्या माणसांना गीतेच्या एकेका अध्यायावर पत्रं लिहीत होते. त्यांच्या लेखी कुरुक्षेत्र माणसाच्या मनात होतं, शत्रू म्हणजे आपलेच विकार. आणि १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात त्यांचा मारेकरी, पुण्यात वर्तमानपत्र चालवणारा नथुराम गोडसे, फाशीकडे निघाला. त्याच्याही हातात गीताच.

मग दोष कुणाचा? ग्रंथ निर्मळ, वाचणारेच वाईट, असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण स्वच्छ सांगतात, 'तस्माद्युध्यस्व भारत'. म्हणून, अर्जुना, लढ. हे शब्द तिथे आहेत म्हणून तर गांधीजींना एवढा खटाटोप करावा लागला.

आणि काही ओळींना तर अर्थ लावूनही वाचवता येत नाही. द्विजाला कठोर शब्दांत बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी, असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. याचा सौम्य अर्थ कुठून आणायचा? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या परिषदेत ती जाळली, ते मला म्हणूनच बरोबर वाटतं.

गीतेचं तसं नाही. तिथे 'लढ' आहे, तशी तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये अहिंसाही आहे. बोट कुठे ठेवायचं, ते वाचणाऱ्याच्या हातात राहतं, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

आता माझ्या आजीची गीता बघा. तळहाताएवढी, शिवण उसवलेली. दुसऱ्या अध्यायाची पानं अजून कोरी करकरीत आहेत. बारावा अध्याय आपोआप उघडतो. 'अद्वेष्टा सर्वभूतानां', कुणाचाही द्वेष न करणारा. त्या ओळीशी कागद हळदीच्या बोटांनी पिवळा पडलाय.