शेजारची बस थांबली, तर तुम्हीही थांबा

नमस्कार! आज एकाच प्रसंगाबद्दल बोलायचंय, कारण एरवी सांभाळून गाडी चालवणारी माणसंही नेमकी इथे चुकतात.

पुण्यातला जंगली महाराज रस्ता डोळ्यांसमोर आणा. एकेरी वाहतूक, शेजारी शेजारी गाड्यांच्या रांगा. डावीकडच्या फुटपाथवरून एक आजी झेब्रा क्रॉसिंगवर उतरतात. डाव्या रांगेतला बसचालक भला, तो थांबतो. आजी बसच्या पुढून चालू लागतात. तुम्ही शेजारच्या रांगेत, थोडे मागे. तुम्हाला आजी दिसत नाहीत, आजींना तुम्ही दिसत नाही. दिसते फक्त उभी बस. तुम्हाला वाटतं, प्रवासी उतरत असतील, आणि तुम्ही पुढे निघता.

(स्क्रीनवर: ताशी ४० किमी = सेकंदाला ११ मीटर)

ताशी ४० म्हणजे शहरात आपल्याला हळूच वाटणारा वेग. पण माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवरसुद्धा, थांबायला आणखी आठ-नऊ मीटर. एकूण वीस. आणि आजी बसच्या आडून बाहेर येतात तेव्हा तुम्ही पाच-सहा मीटरवर असलात, तर ब्रेक लागायच्या आतच गाडी त्यांच्यापर्यंत पोचलेली असते. तिथे तुमचं कौशल्य, गाडीचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), काहीच कामाला येत नाही. आजींच्या जागी शाळकरी मूल असेल, तर ते साध्या एसयूव्हीच्या आडही अख्खं झाकलं जातं.

म्हणून झेब्राच्या अलीकडे एखादी गाडी थांबलेली दिसली, की तिच्यापुढे कोणीतरी चालतंय असंच धरून चला. शेजारी येऊन थांबा. पुढचं सगळं स्पष्ट दिसल्याशिवाय हलू नका.

आणि हे कोणावर उपकार म्हणून करायचं नाहीये. मोटार व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स, २०१७ सांगतात की सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या क्रॉसिंगजवळ चालकानं वेग कमी करायचा, थांबायचं आणि पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. व्हीलचेअरवरच्या माणसालाही. पुढे गाड्या तुंबल्या असतील, तर झेब्रावर गाडी नेऊन उभी करायची नाही, हेही त्यातच आहे. तरी आपल्याकडे लोक हात दाखवत, जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. मला याचा खरंच त्रास होतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते. रोजचे जवळपास ९०.

"मी थांबलो तर मागचा येऊन ठोकेल," असं बरेच जण म्हणतात. भीती खरी आहे. उपाय एवढाच, की अचानक थांबू नका. झेब्रा लांबून दिसला की आरशात बघा, पाय अॅक्सिलरेटरवरून काढा, ब्रेक हलका दाबा, म्हणजे मागच्याला तुमचा लाल दिवा वेळेवर दिसेल. दुचाकीवर असाल तर उजवा हात बाहेर काढून खाली-वर हलवा. आणि अगदी पट्ट्यांना चिकटून उभे राहू नका. स्टॉप लाइनच्या जरा मागेच थांबलात, तर शेजारच्या रांगेतल्या चालकालाही आजी दिसतील.

"लोक कुठूनही घुसतात हो," हेही ऐकतो. घुसतात. बऱ्याच ठिकाणी झेब्रा पुसलेला असतो, फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात. त्यांनी जायचं कुठून? दुभाजकाच्या फटीपाशी, शाळेच्या दारात, मंडईजवळ वेग आधीच उतरवा.

आता एक गोष्ट, जी आपण अगदी चांगल्या मनानं करतो. थांबल्यावर पादचाऱ्याला हातानं "या, या" अशी खूण करू नका. तुमच्या खुणेवर भरवसा ठेवून आजी पुढे बघेनाशा होतात, आणि पलीकडच्या रांगेतून कोण येतंय ते तुम्हाला माहीत नसतं. फक्त थांबून राहा. हॉर्न वाजवू नका, गाडी इंचाइंचानं पुढे सरकवू नका. आजी प्रत्येक रांगेपाशी थबकतील, वाकून बघतील, मग पुढचं पाऊल टाकतील. तीन रांगा ओलांडायला त्यांना दहा-बारा सेकंद लागतील. तेवढे त्यांना द्या.